कच्छच्या किनाऱ्यावर नेलेला मांडव

पौषात लग्नं नसतात. मांडवाचा धंदा करणाऱ्याला वर्षात जी काही उसंत मिळते ती तेव्हाच. त्यामुळं कच्छच्या किनाऱ्याला जायचं तर पौषात, हे ठरवायला मला दोन मिनिटं लागली. बाकीचं ठरवायला चार महिने गेले.

वाटूरला आमचा मांडवाचा धंदा आहे. लोखंडी पाइप, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, आणि हे सगळं वाहून न्यायला एक पिकअप. नवऱ्याला आमच्याकडं मालक म्हणतात. गडीही मालकच म्हणतात, त्यामुळं घरात आणि धंद्यात एकाच शब्दात भागतं. पिकअप मालक स्वतः चालवायचे. पंचवीस वर्षांत ड्रायव्हर म्हणून कुणाला ठेवलं नाही.

त्या पावसाळ्यात पिकअपची डावी बाजू तीनदा घासली. पहिल्यांदा मालकांनी भिंतीला शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा एका जीपवाल्याला. तिसऱ्यांदा फाट्यावर पेरूची हातगाडी आडवी केली. पेरू रस्ताभर. हातगाडीवाली बाई पलीकडच्या टपरीवर चहा प्यायला गेली होती म्हणून वाचली. मालक खाली उतरून तिलाच विचारायला लागले, "ही गाडी इथं कवा आल्ती?"

"सकाळपासून इथंच हाय की, भाऊ," ती म्हणाली. ती रागावलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसनं जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं एका यंत्रात तोंड घालून बसायचं आणि उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बाकावर होते. आतून आवाज येत होता. टक. टक. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, झोपले की काय. मग पुन्हा टक. नंतर डॉक्टरनं कागद दाखवला. त्यावर दोन गोल होते, कडेनं काळे आणि मध्ये थोडे पांढरे. काचबिंदू. कडेची नजर गेलेली, गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. समोरचं दिसेल, बाजूचं नाही.

"गाडी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाला.

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "पोरगं हाय ते अजून. त्याला काय कळतं."

थेंबांची बाटली थंड जागी ठेवायची होती, त्यासाठी बर्फाचा डबा कुठं मिळतो ते बघायला गेले.

हे इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, याचा मी नंतर विचार केला. ते आमच्या कामामुळं. मांडव उभा करताना मधे कापड असतं, माणसाला माणूस दिसत नाही. सगळं काम आवाजावर चालतं. मालक मधोमध उभे राहून ओरडणार, "धरलं का?" पाइपापाशी असलेला गडी म्हणणार, "धरलं!" "ताण!" "ताणलं!" उत्तर आलं नाही तर पुढचा दोर बांधायचा नाही. मालक कुणाकडं मान वळवून बघत नसत. आमच्या धंद्यात कुणीच बघत नाही. त्यांची नजर कडेनं वाळत गेली आणि गडी आपले "धरलं, ताणलं" म्हणत राहिले.

कुणाला सांगायचं नाही, असं मालकांनी मला बजावलं. पुण्यातल्या मुलीलाही नाही, गड्यांनाही नाही, आणि आक्काला तर बिलकुल नाही. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, मालकांपेक्षा सात वर्षांनी थोरली. घनसावंगीला राहते, एकटी, कडक. "आक्काला कळलं की घनसावंगीपासून जाफराबादपर्यंत कळलं," ते म्हणाले. पाठ दुखते असं सांगून आम्ही एका गड्याला पिकअपवर बसवलं.

पण ते काही गाडी सोडायला तयार नव्हते. पहाटे उठून पिकअपमध्ये जाऊन बसायचे, इंजिन चालू करायचे, बंद करायचे. एकदा मी पाणी भरताना बघितलं तर फाटकाबाहेर नेलेली होती. मी बादली खाली ठेवली आणि गाडीपुढं जाऊन उभी राहिले. त्यांना समोरचं दिसत होतं, त्यामुळं ते थांबले.

"एकदा," ते म्हणाले. "एकदा नीट चालवू दे. मंग सोडतो."

"कुठं?"

त्यांनी कच्छचं नाव काढलं. लग्नाआधी ते ट्रकवर क्लीनर होते. कापसाच्या गाठी घेऊन बंदराकडं गेले होते, तेव्हा ट्रकवाल्याच्या कसल्याशा कामासाठी ट्रक आणखी पुढं गेला. एका बाजूला वाळवंट, एका बाजूला समुद्र, मधे एक रस्ता आणि त्या रस्त्यावर कुणी नाही. हे मी पंचवीस वर्षं ऐकत आले होते, बाकीचे नवरे तरुणपणी पाहिलेल्या सिनेमांबद्दल सांगतात तसं. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते कान देऊन ऐकलं. रस्त्यावर कुणी नाही.

मला ते पटलं. बाजूचं दिसत नाही, तर बाजूला काही नसलेला रस्ता शोधायचा. मांडवाला जागा बघताना आम्ही हेच करतो. दगड, झुडपं, दोरीवर टाकलेले कपडे, मधे येईल ते आधी हलवायचं. मी रस्त्याचंही तसंच केलं. हुशारी केली असं मला वाटत होतं.

ऑर्डर बुकातला एक कोरा कागद घेतला आणि अटी लिहिल्या. गाडी फक्त उन्हं असताना. फक्त कच्छातल्या नलिया गावाच्या पुढचा रस्ता, समुद्रापर्यंत. तिथं पोहोचल्यावर किल्ली माझ्याकडं, आणि आक्काला तुम्ही स्वतः सांगायचं. गिऱ्हाईक सही करतं तिथं मालकांची सही घेतली. त्यांनी कागद डोळ्यांसमोर सरळ धरून वाचला आणि म्हणाले, "मंडप काढायची तारीख लिहिली न्हाई तू."

राहिलेलं अंतर चालवायला कुणीतरी हवं होतं. गड्याला नेलं असतं तर त्याला दोन दिवसांत सगळं कळलं असतं. म्हणून मी शिकले. एकोणपन्नासाव्या वर्षी परतूरला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याकडं जाऊन बसले, मग पिकअपवर हात बसवला. शेजारी मालक.

"क्लच सोड. सोड म्हन्लं की. म्हशीच्या पाठीवर बसल्यासारखी कामून बसलीस?"

"म्हैस ऐकते तरी. ही तुमच्यासारखी आहे."

"गिअर टाक जल्दी. मागं बैलगाडी हॉर्न देऊन राह्यली."

बैलगाडीला हॉर्न नव्हता. आम्ही दोघं हसलो. त्या चार महिन्यांत आम्ही हसलो ते तेवढंच, आणि गाडी दोनदा बंद पडली ती त्याच वेळी.

बाकीची तयारी माझ्या हातची होती. पाण्याचे कॅन मी रोजचा हिशोब धरून घेतले. आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक, त्यामुळं आंघोळ, भांडी आणि पिणं यांना किती लागतं ते मला पाठ आहे. तंबू विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. चार पाइप, एक जाड कनात, वर ताडपत्री. मात्र खुंट्यांचा विचार करावा लागला. काळ्या मातीत हातभर खुंटी ठोकली की तिला बैलही उपटू शकत नाही. वाळूत ती चमच्यासारखी निघते. म्हणून खताची रिकामी पोती घेतली. पोत्यात वाळू भरायची, तोंडाला दोर बांधायचा आणि पोतं पुरायचं. हे मला नदीकाठच्या एका लग्नात सुचलं होतं. नकाशावर मी मुक्काम लिहिले. धुळ्याच्या पुढं एक, गुजरातेत दोन, आणि किनाऱ्यावर दोन रात्री. सीमा जवळ असल्यामुळं नलियाला पोलिसांना विचारून पुढं जायचं, ओळखपत्रं वरच्या कप्प्यात.

मांडव उभा करायला दोन हात कमी पडणार होते. तिला तिथं सांगायचंच होतं, म्हणून आक्काला विचारलं.

"तंबू ठोकून ऱ्हायचं? या वयात?" ती फोनवर म्हणाली. "लग्न झालं तवा ह्यानं तुला परळीच्या पुढं नेलं न्हाई. आता वाळवंट दाखवून राह्यला. आन गाडी तू चालवणार? मंग मी येते. मेले तर बातमी तरी होईल."

ती आली. सोबत ज्वारीचं पीठ, तवा आणि ठेचा. तिला पाठीचंच कारण सांगितलं होतं. केबिनमध्ये मी चालवायला, मधे मालक, खिडकीपाशी आक्का. चार दिवस मी चालवलं. मालक समोर बघून मला रस्ता सांगत राहिले, आक्का बाजूचं सगळं मोठ्यानं वाचत आली. पाट्या, दुकानं, शेतातली पिकं. ती नकळत त्यांना दोन्ही बाजू पुरवत होती आणि ते "हां, हां, बघितलं" म्हणत होते. मला ते ऐकवत नव्हतं, पण रस्त्यावर लक्ष होतं.

नलियाच्या पुढं गावं विरळ झाली. मग संपली. वेडी बाभूळ आमच्याकडची तशीच, फक्त उंची कमी. लांब पवनचक्क्या. जमिनीचा रंग राखेसारखा. दुपारचे बारा वाजले होते, ऊन लख्ख होतं. मी गाडी थांबवली आणि उतरले.

"पाठ बरी झाली का रे?" आक्कानं विचारलं.

"झाली," मालक म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले.

मी मधे बसले, हात हँडब्रेकवर. त्यांनी गाडी सुरू केली ती मला कळलीसुद्धा नाही, इतकी अलगद. साठचा वेग. रस्ता दोरीनं आखल्यासारखा सरळ. समोरून एक मिठाचा ट्रक आला, तो त्यांनी लांबूनच बघितला आणि गाडी थोडी डावीकडं घेतली. दुसरं काही आलं नाही. गाय नाही, सायकल नाही, माणूस नाही. चाळीस किलोमीटर त्यांनी अशी गाडी चालवली की मला वरातीची गाडी हाकणारे जुने मालक आठवले. चेहऱ्यावरची उतरलेली कळा गेली होती. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते. मी हँडब्रेकवरचा हात काढला नव्हता, आणि तरीही मला वाटत होतं, बरं झालं आलो.

समुद्र दिसला तिथं रस्ता वाळूत संपला. त्यांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली. मी हात पुढं केला.

किल्ली त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

आक्का उतरून पाण्याकडं निघाली होती. ती लांब जाईपर्यंत ते थांबले. "बघितलं ना? कुठं काय झालं?"

"रस्ता रिकामा होता."

"तुझा डॉक्टर काय म्हन्ला होता? बंद म्हन्ला होता. आता सांग, बराबर चालवली का न्हाई?"

"बराबर चालवली."

"मंग. परतीला भुजपर्यंत मीच घेतो. पुढचं पुढं बघू."

"सही केली आहे तुम्ही."

"कागद राहू दे तुझ्यापाशी."

तेव्हा मला माझी चूक कळली. बाजूला काही नसलेल्या रस्त्यावर बाजूचं न दिसणाऱ्या माणसाला काहीच कमी पडत नाही. मी चार महिने खपून त्यांना दाखवून दिलं होतं की त्यांना सगळं दिसतं. आता भुजच्या रहदारीत ते गाडी घालणार होते, आणि तिथून वाटूरपर्यंत, आणि मग फाट्यावर.

मी पाइप उतरवायला घेतले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वारा समुद्राकडून होता आणि थांबत नव्हता. पोती भरली, पुरली. पहिले दोन पाइप उभे झाले. तिसऱ्याला आक्का गेली. मालक नेहमीसारखे मधोमध उभे राहिले, कनातीचा दोर हातात, तोंड समुद्राकडं.

"आक्का, धरलं का?"

"धरलं," आक्का म्हणाली. ती त्यांच्या डाव्या हाताला होती, हातभर अंतरावर. वाऱ्यानं आणि फडफडणाऱ्या कनातीनं तिचा आवाज बुडवला.

"आक्का! धरलं का?"

"धरलं म्हन्लं की रे!"

"कुठं गेली ही? आक्का! अगं, आक्काला बघ कुठं गेली ती. पाण्यात उतरली का काय!"

आक्का पाइप धरून त्यांच्याकडं बघत होती. आधी तिला वाटलं भाऊ थट्टा करतोय, तशी तिच्या तोंडावर हसू आलं होतं. मग ते गेलं. तिनं एक हात पाइपावरून काढला आणि त्यांच्या कानाजवळ, गालाच्या बाजूला हलवला. वर, खाली. मालक समुद्राकडं बघून ओरडतच होते. मग तिनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि ते केवढ्यानं तरी दचकले. दोर सुटला. कनात फडफडत पिकअपवर जाऊन आपटली.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "कधीपासून?"

"पावसाळ्यापासून कळलंय. असेल त्याच्याही आधीपासून."

"पाठ?"

"पाठीला काही झालेलं नाही."

"आन तू आत्ता ह्याच्या हातात गाडी दिली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळं मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "मला दाराशी बसवून. चाळीस मैल का किती. मला विचारलं न्हाई. मी म्हातारी, मेले तरी चालेल असं वाटलं का वैनी तुला?"

मी रस्त्यावरच्या सगळ्या गोष्टींचा विचार केला होता. डाव्या दाराशी कोण बसणार याचा केला नव्हता.

"आक्का, तिला कशाला बोलती," मालक म्हणाले. "चालवून आणली ना मी? खरचटलं का कुठं तुला?"

"मी तुझ्या हातभर अंतरावर उभी होते."

"वारा होता. आवाज आला न्हाई."

"आवाज कशाला पायजे? मी उभी होते."

मान वळवून त्यांनी तिच्याकडं बघितलं, पूर्ण वळून, खांदे फिरवून, तेव्हा त्यांना ती दिसली. बराच वेळ बघत राहिले.

"किल्ली," आक्का म्हणाली आणि हात पुढं केला.

मी मागितली होती तेव्हा दिली नव्हती. तिला दिली. तिनं ती माझ्याकडं फेकली, वाळूत पडली, मी उचलली. आम्ही तिघांनी मग कनात पुन्हा बांधली, कारण ती बांधल्याशिवाय चूल पेटणार नव्हती. कुणी हाका मारल्या नाहीत. आक्का प्रत्येक दोर बांधून झाला की त्यांच्या समोर येऊन उभी राहायची आणि मान हलवायची.

संध्याकाळी तिनं भाकरी केल्या. पाणी ओहोटीनं इतकं मागं गेलं होतं की चालत गेलं तर पाकिस्तान येईल असं वाटत होतं. मालक वाळूवर बसून होते. समुद्र समोर होता, म्हणून त्यांना तो दिसत होता. मी थेंब घालायला गेले तेव्हा त्यांनी डोकं मागं केलं, थेंब पडू दिले आणि डोळे मिटून घेतले. मी तिथंच बसले. पंचवीस वर्षं ऐकलेली जागा हीच का, असं विचारायचं मनात होतं.

दोन रात्रींचा बेत होता. एक झाली. सकाळी मालक आधी उठून पाइप सोडायला लागले होते, हातानं चाचपून, गाठी एकेक. आक्का म्हणाली, "ऱ्हायचं न्हाई का?" ते म्हणाले, "बघून झालं."

गाडी मी घेतली. आक्का मधे, मालक खिडकीशी. आक्कानं आदल्या दिवसापर्यंत पाट्या वाचल्या होत्या, आता वाचत नव्हती. वाचल्या असत्या तर आता त्याचा अर्थ वेगळा झाला असता, हे तिलाही कळत होतं. नलिया गेलं. मालकांनी मला एकदाही काही सांगितलं नाही, चुकीचा गिअर पडून गाडी कण्हली तरी.

भुजच्या अलीकडं रहदारी लागली. एका वळणावर डाव्या बाजूनं एक मोटारसायकल आत घुसली, वर तिघं, आणि थेट माझ्या बंपरसमोरून गेली. मी ब्रेक दाबला. आक्काचं डोकं काचेला लागता लागता राहिलं. मागच्यानं हॉर्न दिला.

मालकांनी विचारलं, "काय झालं?"

"मोटारसायकल. डावीकडून आली."

"माझ्या बाजूनं?"

"हो. तुमच्या खिडकीपासून."

ते थोडा वेळ खिडकीकडं तोंड करून बसले. तिथं आता काही नव्हतं, नुसती भिंत जात होती.

"किती जवळून गेली?"

"हात बाहेर काढला असता तर लागली असती."

किल्लीचं त्यांनी परत नाव काढलं नाही. भचाऊपर्यंत डावीकडून अशा आणखी तीन आल्या. मी नुसता ब्रेक दाबत गेले.